तुवालू अजून फिफाच्या बाहेर का? छोट्या बेटावरच्या फुटबॉलचा कारभार, सोप्या भाषेत

२००७ साली सामोआच्या अपिया शहरात पॅसिफिक गेम्स झाले होते आणि त्यातल्या फुटबॉलच्या मॅचेस २०१० च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी म्हणून पण धरल्या गेल्या होत्या. त्यात तुवालू नावाच्या देशाची टीम उतरली. फिजीने त्यांना १६-० ने हरवलं, कुक आयलंड्सने ४-१ ने, पण ताहितीला मात्र त्यांनी १-१ बरोबरीत रोखलं, विलियामु सेकिफूने तो गोल केला होता. आता यात खरं लक्ष देण्यासारखं काय, तर तुवालू तेव्हा फिफाचा सदस्यच नव्हता. म्हणजे समजा ते सगळ्या मॅचेस जिंकले असते तरी वर्ल्ड कपच्या दिशेने एक पाऊल पुढे जाता आलं नसतं. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत खेळलेला फिफाबाहेरचा पहिला देश म्हणून त्यांची नोंद झाली आणि आज इतकी वर्षं झाली तरी ते बाहेरच आहेत.

आता हे असं का, ते नीट समजून घ्यायचं असेल तर फुटबॉलचा कारभार खालून वर कसा चालतो ते आधी बघायला लागेल, म्हणजे मग तुवालूचं कुठे अडतंय ते आपोआप कळेल.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला एखादा क्लब असतो, तो वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली येतो, गोव्यातला असेल तर गोवा फुटबॉल असोसिएशनखाली. या सगळ्या राज्य संघटना मिळून ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. ते फेडरेशन आशियाच्या महासंघात, म्हणजे एएफसीत, आणि तिथून वर फिफा. जगात असे सहा खंडांचे सहा महासंघ आहेत. पॅसिफिकमधल्या बेटांचा जो आहे तो ओशनिया फुटबॉल कॉन्फेडरेशन, ओएफसी म्हणतात, १९६६ साली सुरू झाला, ऑफिस न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. आधी ऑस्ट्रेलिया पण यातच होता पण २००६ मध्ये ते आशियात गेले, त्यामुळे आता न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी सोडलं तर सगळे छोटे देश आणि बेटंच उरलीत.

ओएफसीत दोन प्रकारचे सदस्य आहेत आणि सगळी गोष्ट या दोन प्रकारांवरच येऊन थांबते. पूर्ण सदस्य ११ आहेत: न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन आयलंड्स, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कुक आयलंड्स. हे ११ फिफाचे पण सदस्य. आणि मग सहयोगी सदस्य, त्यात किरिबाती आणि तुवालू. सहयोगी म्हणजे पॅसिफिक गेम्समध्ये खेळता येतं, ओएफसीच्या काही स्पर्धांना आणि ट्रेनिंगला जाता येतं, तुवालूने ओशनियाच्या फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलमध्ये, पण टीम पाठवलेली आहे. पण फिफाचं मत नाही, फिफाच्या रँकिंगमध्ये नाव नाही आणि फिफाचे पैसे नाहीत. तुवालू २००६ पासून याच पायरीवर उभा आहे.

तुवालू म्हणजे नेमकं केवढं ते सांगतो. नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या गावातही याहून जास्त माणसं असतात. पण हा स्वतंत्र देश आहे, १ ऑक्टोबर १९७८ ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं, २००० साली संयुक्त राष्ट्रांत गेले. स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ ला, फुटबॉल संघटना उभी केली आणि त्याच वर्षी फिजीतल्या सुवाला साऊथ पॅसिफिक गेम्समध्ये टीम पाठवली, तिथे टोंगाला ५-३ ने हरवलं पण होतं. म्हणजे खेळ तिथे नवा नाहीये. राजधानी फुनाफुटी, आणि तिथल्या मुख्य बेटाचा सगळ्यात रुंद भागसुद्धा काहीशे मीटरचाच, एका बाजूला लगून, म्हणजे बेटांनी वेढलेलं शांत पाणी, आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. त्या अरुंद पट्टीवर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली विमानाची धावपट्टी आहे. आठवड्यातून मोजकीच विमानं येतात, विमान यायच्या आधी सायरन वाजतो, लोक बाजूला होतात, आणि बाकीच्या वेळी संध्याकाळी त्याच धावपट्टीवर फुटबॉल, व्हॉलीबॉल, रग्बी सगळं चालतं. कारण एवढी सपाट मोकळी जागा देशात दुसरी नाही.

बरं रीतसर मैदान आहे का, तर आहे, फुनाफुटीतच वाइआकूला तुवालू स्पोर्ट्स ग्राउंड, साधारण दीड हजार लोक बसतील एवढं. पण जमीन कोरलची, तिच्यावर गवत नीट धरत नाही. मैदान कडक होतं, पडलं की सोलवटतं.

आणि तरी लीग आहे! २००१ पासून ए डिव्हिजन चालू आहे. क्लब एकेका बेटाचे आहेत, म्हणजे फुनाफुटीचा नाउती, वाइतुपूचा तोफागा, नानुमेआचा लाकेना युनायटेड. पण मॅचेस मात्र जवळपास सगळ्या फुनाफुटीतच होतात. कारण निम्म्याहून जास्त देश तिथेच राहतो आणि बाहेरच्या बेटांवर जायला विमानच नाही, जहाजाने जायचं, नानुमेआसारख्या उत्तरेच्या बेटाला जायचं तर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास समुद्र. होम आणि अवे अशी लीग तिथे करताच येत नाही, एका मॅचसाठी अख्खी टीम जहाजावर चढवून परतीच्या जहाजाची वाट बघत बसणार का? म्हणून त्या बेटाची फुनाफुटीत राहणारी माणसं त्या बेटाच्या नावाने खेळतात. मला हे फार आवडतं, कारण इथे खेळाडू मूळ गावाशी नातं टिकवायला खेळतो.

आता पैशाचं बघू, कारण सगळं कळायला हेच लागतं.

फिफाचा २०१६ पासून फॉरवर्ड नावाचा कार्यक्रम आहे. २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक सदस्य संघटनेला यातून जास्तीत जास्त ८० लाख डॉलर मिळू शकतात, म्हणजे सत्तर कोटी रुपयांच्या आसपास. त्यातले ५० लाखांपर्यंत रोजच्या कारभाराला, म्हणजे पगार, लीग, ट्रेनिंग, रेफ्री वगैरे, आणि ३० लाखांपर्यंत प्रोजेक्टला, म्हणजे मैदान, ऑफिस, लाईट, ड्रेसिंग रूम. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना प्रवासासाठी आणि सामानासाठी वर थोडी जास्तीची मदत पण असते. आणि इथे एक गोष्ट अशी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही: ही वरची मर्यादा सगळ्या २११ सदस्यांना सारखी आहे. भारताला जेवढी तेवढीच अमेरिकन सामोआला, जिथे पन्नास हजारसुद्धा लोक नाहीत. मोठ्या देशांना हा आकडा फारसा जाणवत नाही पण अकरा हजार माणसांच्या देशाला हे मिळाले तर त्यात मैदान, त्याची निगा, फुल टाइम सेक्रेटरी, कोच, मुलींची लीग सगळं बसतं.

पैसे असेच मिळत नाहीत अर्थात. पगारी जनरल सेक्रेटरी ठेवा, टेक्निकल डायरेक्टर ठेवा, पुरुषांची, बायकांची, मुलामुलींची लीग चालवा, रेफ्री तयार करा, हिशेब तपासून घ्या, या सगळ्यावर ते अवलंबून असतात. मला हे बरोबर वाटतं, असंच असायला पाहिजे.

पण तुवालूचं दुखणं त्याच्याही आधीचं आहे. फिफात जायचं तर आधी खंडाच्या महासंघात जागा लागते. ओशनियात पूर्ण सदस्य झाल्याशिवाय तिकडे जाता येत नाही. आणि तिथे दरवेळी जी अडचण पुढे येते ती म्हणजे मैदान नाही, ट्रेनिंगची सोय नाही, पाहुण्या टीम्सना उतरायला हॉटेलं नाहीत. यात खोटं काहीच नाही हो, फुनाफुटीत खरंच खोल्या मोजक्या आहेत, चार टीम्सची स्पर्धा म्हटली की खेळाडू, कोच, रेफ्री, अधिकारी धरून शंभराच्या वर माणसं होतात. पण मैदान बांधायला पैसे लागतात आणि पैसे सदस्य झाल्यावर मिळतात आणि सदस्य व्हायला मैदान लागतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं झालंय हे.

मधल्या काळात बाहेरची माणसं मदतीला आली. नेदरलँड्समधल्या काही लोकांनी तुवालूच्या फुटबॉलला आधार द्यायला संस्था काढली आणि २०११ च्या पॅसिफिक गेम्ससाठी फोपे द हान नावाचे अनुभवी डच कोच टीमसोबत होते, त्या वेळी तुवालूने अमेरिकन सामोआला ४-० हरवलं. म्हणजे फिफाबाहेरच्या देशाने फिफाच्या सदस्याला हरवलं. पण कोच पाहुणा असतो, तो परत जातो, आणि रोजचा कारभार परत दोन-चार माणसांवर येतो जी नोकरी सांभाळून हे करतात.

मैदानाच्या अटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ही अट ओशनियाच्या स्वतःच्या पद्धतीशीच जुळत नाही. कारण ओशनियात छोट्या देशांच्या पात्रता मॅचेस घरी आणि बाहेर अशा होतच नाहीत फारशा, सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करतात आणि आठ-दहा दिवसांत उरकतात. २०११ ला पहिली फेरी सगळी अपियात झाली. २०२२ मध्ये कोविडमुळे बेटांच्या सीमा बंद होत्या तर ओशनियाची पात्रता स्पर्धा चक्क कतारमध्ये दोह्याला खेळवली. म्हणजे पॅसिफिकमधल्या एकाही देशाचं मैदान लागलं नाही तरी स्पर्धा झाली. युरोपात जिब्राल्टरचं मैदान चालण्यासारखं नव्हतं तर त्यांनी आपल्या घरच्या मॅचेस पोर्तुगालमध्ये खेळल्या, आणि २०१६ साली फिफाचे सदस्यही झाले. मग तुवालूने आपली घरची मॅच सुवाला खेळली तर काय बिघडतं? नाहीतरी फुनाफुटीची बरीचशी विमानं फिजीहूनच येतात.

आता कुणी म्हणेल, पण अमेरिकन सामोआ तर देशच नाही, अमेरिकेचा प्रदेश आहे, ताहिती आणि न्यू कॅलेडोनिया फ्रान्सचे, मग ते आत कसे आणि स्वतंत्र असलेला तुवालू बाहेर कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. फिफाच्या घटनेत आज देश म्हणजे आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्यता दिलेलं स्वतंत्र राष्ट्र अशी व्याख्या आहे, आणि स्वतंत्र नसलेल्या प्रदेशाला यायचं तर तो ज्या देशाचा भाग आहे तिथल्या संघटनेची परवानगी लागते. ताहिती १९९० ला आत आला, कुक आयलंड्स आणि टोंगा १९९४ ला, अमेरिकन सामोआ १९९८ ला, न्यू कॅलेडोनिया २००४ ला. जे तेव्हा पोचले ते पोचले. गरजेचा किंवा खेळाच्या दर्जाचा इथे संबंध नाही, कुणाची फाईल कधी तयार झाली एवढाच फरक पडला.

फाईल म्हटल्यावर अमेरिकन सामोआची ती मॅच सांगितलीच पाहिजे. ११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर, ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ गोल केले. जगभर त्या टीमची चेष्टा झाली. पण आतली गोष्ट कारभाराची आहे. ऐन वेळी पासपोर्टचा नियम आडवा आला, अमेरिकन पासपोर्ट असलेलेच खेळाडू चालतील असं ठरलं आणि निवडलेल्या टीममधला फक्त गोलकीपर निकी सालापू तेवढा पात्र राहिला. मग वीस वर्षांखालची मुलं घ्यावीत तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी जी पोरं मिळाली ती नेली, सरासरी वय १८ च्या आसपास. यात खेळाडूंचा काय दोष सांगा? पात्रतेची कागदपत्रं सहा महिने आधी तपासणारं एक पूर्ण वेळ माणूस ऑफिसात असतं तर हे टळलं असतं, आणि असं माणूस ठेवायलाच संघटनेला पैसे लागतात. पुढे दहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०११ ला, अपियात त्याच अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ हरवून पहिला अधिकृत विजय मिळवला आणि गोलमध्ये तेव्हाही सालापूच होता.

आता दुसरी बाजू, म्हणजे आत गेल्यावर काय होतं. ती सांगितली नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

फिफाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सभेत, एक सदस्य एक मत. ब्राझीलला एक, जर्मनीला एक, कुक आयलंड्सला एक, जिथे पंधरा हजारांच्या आसपास लोक आहेत. ओशनियाकडे ११ मतं आहेत आणि अख्ख्या दक्षिण अमेरिकेकडे, ब्राझील-अर्जेंटिना धरून, १०. वर फिफा कौन्सिल, म्हणजे फिफाचं कारभारी मंडळ, त्याच्या ३७ जागांपैकी ओशनियाला ३. म्हणजे ज्याला फिफाचा अध्यक्ष व्हायचंय, ज्याला वर्ल्ड कप आपल्या देशात न्यायचाय, तो या बेटांची दारं वाजवणारच. २००० साली २००६ च्या यजमानपदाचं मतदान झालं तेव्हा ओशनियाचे चार्ली डेम्प्सी, न्यूझीलंडचे, त्यांना महासंघाने इंग्लंड बाद झालं तर दक्षिण आफ्रिकेला मत द्या असं सांगितलं होतं. ते शेवटच्या फेरीत मतच न देता राहिले. जर्मनी १२-११ ने जिंकली. एका मताची किंमत केवढी असते ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आणि जिथे किंमत तिथे विकत घेणारे पण येतात. २०१० मध्ये इंग्लंडच्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी वेषांतर करून फुटबॉल अधिकाऱ्यांशी बोलणी केली, त्यानंतर फिफाने सहा अधिकाऱ्यांवर कारवाई केली, त्यात दोन पॅसिफिकचे. ताहितीचे रेनाल्ड तेमारी, जे तेव्हा ओशनियाचे अध्यक्ष होते, आणि टोंगाच्या संघटनेचे आहोंगालू फुसिमालोही. तेमारींवर लाच घेतल्याचं सिद्ध झालं नाही पण गोपनीयता आणि निष्ठेचे नियम मोडल्याबद्दल एक वर्षाची बंदी आली. मग त्यांनी अपील चालू ठेवलं, त्यामुळे त्यांच्या जागी दुसरं कुणी बसवता आलं नाही, आणि डिसेंबर २०१० ला २०१८ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपसाठी रशिया आणि कतारचा फैसला झाला तेव्हा ओशनियाचं मतच पडलं नाही. पुढे २०१५ ला कळलं की वकिलाच्या खर्चासाठी त्यांनी कतारचे फुटबॉल पुढारी मोहम्मद बिन हम्माम यांच्याकडून तीन लाख युरोंच्या वर रक्कम घेतली होती, त्यावर आठ वर्षांची बंदी. नंतर २०१८ मध्ये ऑकलंडला ओशनियाची नवी इमारत आणि मैदानं बांधायचं जे कंत्राट होतं त्याच्या हिशेबात गडबड निघाली, अध्यक्ष डेव्हिड चुंग यांना जावं लागलं आणि २०१९ ला त्यांच्यावर साडेसहा वर्षांची बंदी आली, सरचिटणीस ताई निकोलस यांच्यावर आठ वर्षांची. त्याच वर्षी कुक आयलंड्सचे ली हार्मन, ओशनियाचे मोठे पदाधिकारी, त्यांच्यावर वर्ल्ड कपची तिकिटं परत विकल्याबद्दल तीन महिन्यांची.

हे वाचून लगेच असं म्हणू नका की बेटांवरची माणसं अशीच. मे २०१५ ला फिफाचं मुख्यालय असलेल्या झुरिकमधल्या हॉटेलातून पोलिसांनी भ्रष्टाचाराच्या आरोपावरून ज्यांना उचललं ते उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या महासंघांचे होते, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंदी आली ती फिफाचे अध्यक्ष ब्लाटर आणि युरोपच्या महासंघाचे अध्यक्ष प्लाटिनी यांच्यावर. बेटांचं वेगळेपण एवढंच की माणसं थोडी. छोट्या देशात खजिनदार, सेक्रेटरी, चर्चमधला वडीलधारा आणि सरकारी खात्यातला साहेब हे एकमेकांचे नातेवाईक असतात नाहीतर शेजारी तरी, विरोधात बोललं तर रोज समोरासमोर यायचंय, आणि फुटबॉलच्या हिशेबामागे लागणारा वार्ताहर तिथे नाही. त्यामुळे एकदम मोठी रक्कम आली की लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. बाहेरचा ऑडिट, पैसे हप्त्याने, काम दिसलं की पुढचा हप्ता, हे सगळं म्हणूनच लागतं. तुवालूला पैसे द्यायला नको असं याचं उत्तर होत नाही, नीट मोजून द्या असं होतं.

अजून एक पेच आहे, सरकारचा. फिफाचा नियम असा की संघटना स्वतंत्र पाहिजे, सरकारने किंवा तिसऱ्या कुणी त्यात हात घालायचा नाही. हा नियम आपल्याला चांगला माहितीये, ऑगस्ट २०२२ मध्ये ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनला याच कारणाने फिफाने निलंबित केलं होतं, सुप्रीम कोर्टाने नेमलेली समिती कारभार बघत होती म्हणून, आणि दोन महिन्यांवर आलेला मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप, ज्याच्या मॅचेस नवी मुंबईत आणि गोव्यात पण होत्या, तो हातातून जातो की काय अशी वेळ आली होती. अकरा दिवसांनी निलंबन उठलं म्हणून वाचलो. आता हाच नियम तुवालूला लावा. तिथे जमीन कुटुंबांच्या मालकीची आणि सरकारने भाड्याने घेतलेली, बेटांमधली जहाजं सरकारची, धावपट्टी सरकारची. सरकारच्या मदतीशिवाय तिथे बॉलसुद्धा दुसऱ्या बेटावर पोचत नाही. अशा ठिकाणी स्वतंत्र कारभार म्हणजे नेमकं काय, तर निवडणूक संघटनेची स्वतःची, बँक खातं वेगळं, टीमची निवड कोच करणार. एवढं लेखी ठरवता येतं आणि पाळता पण येतं.

फिफाबाहेरची वाट त्यांनी शोधून बघितली आहे. कोनिफा म्हणून एक संघटना आहे, ज्यांना फिफात जागा नाही अशा टीम्सची, तिबेट वगैरे पण त्यात खेळतात. २०१८ ला लंडनला त्यांची मोठी स्पर्धा झाली, किरिबातीला जायचं जमलं नाही म्हणून त्यांच्या जागी तुवालू गेला. खेळायला मिळालं, जगाने बघितलं, चांगलंच झालं. पण तिथे अनुदान नसतं, उलट स्वतःचा खर्च स्वतः उभा करून जायचं असतं, आणि फुनाफुटीहून लंडनचं तिकीट काय पडत असेल विचार करा.

आणि अगदीच बाहेर राहिलं की काय होतं त्याचं उदाहरण मायक्रोनेशिया. २०१५ च्या पॅसिफिक गेम्समध्ये त्यांची तेवीस वर्षांखालची टीम ताहितीकडून ३०-०, फिजीकडून ३८-० आणि वानुआतूकडून ४६-० हरली. ते आकडे जगभर फिरले. दुसरीकडे मार्शल आयलंड्सने २०२० मध्ये शून्यातून संघटना काढली, इंग्लंडमधून एका टेक्निकल डायरेक्टरला जोडून घेतलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली अकरा-अकराची आंतरराष्ट्रीय मॅच खेळली, ती पण स्वतःच्या देशात नाही, अमेरिकेत आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेलला, कारण तिथे मार्शलची खूप माणसं स्थायिक आहेत. अकरा हजारांच्या देशाला पण हा रस्ता उघडा आहे, तुवालूची बरीच माणसं ऑकलंडला राहतात.

माणसं बाहेर राहतात हा मुद्दा आता वाढतच जाणार आहे. तुवालूचा ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये फालेपिली करार झाला, त्यात दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाता येतं, आणि २०२५ ला पहिली सोडत निघाली तर पहिल्या काही दिवसांतच एक तृतीयांशाहून जास्त देशाने नाव नोंदवलं. समुद्र वर येतोय म्हणून. जाणाऱ्यांत तरुण असणारच, म्हणजे ज्या वयाची मुलं टीममध्ये हवीत तीच. फुनाफुटीला समुद्रात भर घालून सात हेक्टरच्या वर नवी जमीन केलीये, २०२३ मध्ये ते काम झालं. पूर्ण आकाराचं फुटबॉल मैदान पाऊण हेक्टरमध्ये बसतं. म्हणजे जागा अगदीच नाही असंही आता राहिलेलं नाही, पण त्या जमिनीवर घरं आधी हवीत की मैदान, हे ठरवायचा हक्क त्यांचाच आहे आणि ते घरं म्हणाले तर बाहेरच्या कुणी नाक मुरडू नये.

मला घाई करावीशी वाटते ती याच कारणाने. तुवालूने २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेत लिहून घेतलं की उद्या जमीन पाण्याखाली गेली तरी आमचं राष्ट्र कायम राहील. जग ते किती मानेल हे पुढे ठरेल. पण फिफाच्या व्याख्येत मान्यताप्राप्त स्वतंत्र राष्ट्र लागतं, आणि तुवालू आज या घडीला ते निःसंशय आहे, संयुक्त राष्ट्रांत त्यांची खुर्ची आहे. आज आत गेले तर आत राहतील, जसं ताहिती आणि न्यू कॅलेडोनियाला कुणी उठवलं नाही. वीस-तीस वर्षांनी अर्ज केला तर आधी तुमचा देश कुठे आहे ते दाखवा असं विचारलं जाईल, आणि तेव्हा ज्या पोरांचे आईवडील ब्रिस्बेनला किंवा ऑकलंडला जन्माला आलेले असतील त्यांना तुवालूच्या नावाने जमायला जी थोडी कारणं उरतील त्यात ही टीम एक असेल.

हे सगळं झुरिकला ठरेल असं वाटतं पण पहिली पायरी तिथे नाहीये. तुवालूला पूर्ण सदस्य करायचं की नाही हे आधी ओशनियाच्या काँग्रेसमध्ये ठरतं, म्हणजे फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतू अशा शेजाऱ्यांच्या मतावर, ज्यांना जहाजाची वाट बघणं आणि मॅचला पोचायला तीन विमानं बदलणं म्हणजे काय ते चांगलं माहिती आहे. त्यांनी मैदानाची अट सुवा किंवा अपियाच्या मैदानावर भागवून घ्यावी आणि पुढच्या बैठकीत तुवालू आणि किरिबाती दोघांचाही विषय मतदानाला ठेवावा.